माळ्यावरची साक्ष

पंचांगात दिवाळीचा आरंभ वसुबारसेला लिहिलेला असला, तरी आमच्या घरी तो रद्दीवाल्याच्या हाळीनेच होतो. दसऱ्याचे सोने वाटून झाले, की सौभाग्यवती पदर खोचतात आणि माळ्याकडे पाहतात. त्या पाहण्याचा अर्थ मला गेल्या पंचेचाळीस वर्षांत नीट कळलेला आहे. शिडी मी धरायची, वर मुलाने चढायचे आणि खाली आलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी निकाल द्यायचा. फुटका कंदील : भंगार. पितळेची समई : घासायला. जुनी मासिके : रद्दी. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. परंतु कशाचे जतन करायचे आणि कशाचे नाही, याचा इतका झटपट निर्णय करणारा अधिकारी मला कोणत्याही दप्तरखान्यात भेटला नाही.

परवाच्या सफाईत आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आजोबा जालन्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. ‘जालना सोने का पालना’ असे ज्या गावाला म्हणत, त्या गावात त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचे सोने मोजले आणि स्वतः दोन धोतरजोड्यांत संसार केला. ट्रंकेत तीन-चार वह्या, एक जुना चष्मा, वाळवीने खाल्लेली पोथी आणि तळाशी घडी घातलेला एक पिवळा कागद होता. कागद उर्दूत. वर शिक्का, खाली मात्र मोडीत आजोबांची सही.

“हे काही वाचता येत नाही. द्या टाकून,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“वाचता येत नाही म्हणूनच ठेवू या,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे माळ्याकडे पाहण्यासारखेच होते.

उर्दू शाळेतून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आहेत. मी त्यांना मास्तरसाहेब म्हणतो, ते मला गुरुजी म्हणतात. संध्याकाळी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद दिव्याजवळ धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, ये तो मुचलका है.”

मुचलका म्हणजे जामिनाचे लेखी वचन. आमच्या आजोबांनी दै महिना, १३४८ फसली या दिनांकाला लिहून दिले होते, की यापुढे वर्षभर आपण सरकारच्या परवानगीवाचून भरणाऱ्या कोणत्याही सभेला जाणार नाही आणि गेल्यास शंभर रुपये हाली दंड भरू. हैदराबाद संस्थानच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे साल १९३८, महिना साधारण नोव्हेंबर.

घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा सौभाग्यवती थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ते सभेला गेले होते.” आणि जरा थांबून हळूच म्हणाल्या, “आणि मग घाबरले.”

त्या दोन वाक्यांनी माझी त्या रात्रीची झोप गेली. कारण दोन्ही वाक्ये खरी होती.

*

आजच्या मुलांना सभेला जाण्यात काय ते शौर्य, असे वाटेल. त्यांच्यासाठी थोडे मागे जायला हवे. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या या राज्याचा कारभार उर्दूतून चाले. त्या राज्यात ‘गश्ती निशान ५३’ नावाचे एक परिपत्रक होते. गश्ती म्हणजे परिपत्रक, निशान म्हणजे क्रमांक. नाव असे कोरडे, पण त्याने लोकांच्या तोंडाला कुलूपच घातले होते. सार्वजनिक सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढायची. खासगी शाळा आणि व्यायामाचे आखाडे यांच्यावरही अशीच बंधने होती. चार माणसांनी एकत्र बसून आपल्या दुःखाविषयी बोलावे, हा आज आपण श्वासासारखा गृहीत धरलेला हक्क त्या काळी अर्ज करून मागावा लागे आणि अर्ज नामंजूर होई.

अशा काळात, १९३७ साली, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते. मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेवर जालना आणि परतूर ही दोन्ही ठाणी असल्याने मोंढ्यातल्या मुनिमालाही तिथे जाणे अवघड नव्हते. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. मराठवाड्याच्या इतिहासात हे अधिवेशन म्हणजे एक दार उघडणे होय. तिथे तलवारी नव्हत्या, बाँब नव्हते. मागणे होते ते नागरी हक्कांचे. बोलू द्या, लिहू द्या, जमू द्या, आमच्या भाषेत आमच्या मुलांना शिकू द्या.

या परतूरविषयी आमच्या घरात एक गंमत आहे. आजोबा म्हातारपणी कधी कधी म्हणत, “परतूरच्या मांडवात वरण अळणी होतं, पण माणसं काय जमली होती!” आम्ही नातवंडे ते कोणाच्या तरी लग्नाचे वर्णन समजत असू. माझ्या आत्याने तर एकदा विचारलेही होते, “नवरी कोण होती हो, दादा?” तेव्हा ते नुसते हसले होते. ती नवरी कोण, हे मला इतिहासाचा मास्तर होऊनही साठी उलटल्यावर कळले!

पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. परतूरचे अध्यक्ष नानल पहिल्या तुकडीत होते. स्वामी रामानंद तीर्थही त्याच दिवसांत तुरुंगात गेले. नोव्हेंबरात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी चळवळ केली. आजोबांचा मुचलका नेमका याच धामधुमीतला. पुढे बंदी उठायला १९४६ उजाडले आणि राज्य मुक्त व्हायला १७ सप्टेंबर १९४८.

दर सतरा सप्टेंबरला आमच्या गावी टाऊन हॉलजवळ हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्या स्मृतिस्तंभाला मानवंदना होते. माझे वडील त्या समारंभाला जात आणि मागच्या रांगेत उभे राहत. पुढच्या रांगेत ज्यांची वडीलधारी मंडळी तुरुंगात गेली होती, ती कुटुंबे असत. “आपल्या दादांनी काही केलं नाही,” एवढेच वडील एकदा मला म्हणाले होते. त्या वाक्यात राग नव्हता, थोडी लाज मात्र होती. आज वडील हयात नाहीत. मुचलक्याचा कागद त्या वेळी माळ्यावर होता. आम्ही त्याच्या खाली राहत होतो.

*

आता विचार करा : माझे आजोबा एका निषिद्ध सभेला गेले, ही गोष्ट जगात कोणी लिहून ठेवली? त्यांनी स्वतः नाही. परिषदेच्या पुढाऱ्यांनीही नाही. पुढाऱ्यांना प्रत्येक मुनिमाचे नाव कुठून ठाऊक असणार? ती लिहून ठेवली, त्यांना धमकावणाऱ्या कारकुनाने. ज्याला त्यांचे तोंड बंद करायचे होते, त्याच्याच टाकाने त्यांचे तोंड कधी काळी उघडले होते याची साक्ष राहिली.

अधिक शोधू लागलो, तेव्हा कळले की हा केवळ आमच्या घरचा योगायोग नाही. चळवळींच्या इतिहासाचा मोठा भाग असाच, चळवळ मोडणाऱ्यांच्या कपाटात असतो. तुरुंगाच्या नोंदवह्या, पोलिसांचे अहवाल, जप्तीच्या याद्या. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली, तेव्हा किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा मागितला गेला. मराठवाड्यातले म्हातारे सत्याग्रही उर्दूतल्या तुरुंग-नोंदींच्या नकला शोधत फिरू लागले. एके काळी ज्या वहीत आपले नाव चढू नये म्हणून माणसे लपत, त्याच वहीत ते सापडावे म्हणून ती प्रार्थना करू लागली. आणि जिथे खरा कागद दुर्मीळ होतो, तिथे खोटा लवकर पिकतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले वाचकांना आठवत असेल. त्या बनावट मंडळींनी सरकारचे पैसे नेले ते नेलेच. त्याहून वाईट म्हणजे खऱ्यांच्या शब्दावरचा विश्वासही नेला.

बरे, कागद शोधायचे तर कुठे? नकाशा आपल्या जागी राहिला असता तर काम सोपे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. औरंगाबादचे काही तालुके आणि परभणीचे परतूर त्यात आले. माणसे जागच्या जागी राहिली, पण त्यांची दप्तरे मात्र फिरत राहिली. काही हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात, जे आता तेलंगणाचे आहे, काही पूर्वीच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुराभिलेख खात्याच्या शाखेत, काही परभणीत, काही तहसिलीच्या फळ्यांवर, रुमालांत बांधून. भाषा फारसी, उर्दू, मराठी. लिपी कधी मोडी. एका परतूरच्या अधिवेशनाचा माग काढायचा तर दोन राज्ये, तीन जिल्हे आणि तीन लिप्या ओलांडाव्या लागतात.

तरीही या संग्रामाचे नशीब बरे. त्याला सांभाळणारी माणसे भेटली. हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या कागदपत्रांचे चार खंड १९५६ ते १९६६ या काळात निघाले. स्वामीजींनी आपल्या आठवणी १९६७ साली प्रसिद्ध केल्या. अनंत भालेराव यांनी १९८७ साली हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा यांवर मोठा ग्रंथ लिहिला. ते स्वतःच त्या लढ्यातले सैनिक होते. स्वामीजींच्या नावाची संशोधन संस्थाही उभी राहिली. या मंडळींनी माळा झाडला, पण रद्दी होऊ दिली नाही.

*

ज्यांना माळाच नव्हता, त्यांचे काय?

जालन्याजवळ बेथेल नावाची एक वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री या ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या धर्मोपदेशकाने ती वसवली. जमीन निजाम सरकारने, सालारजंगांच्या कारकिर्दीत, दिली. तिथे आसरा घेणाऱ्यांत मांग समाजाची बरीच कुटुंबे होती. गावकुसाबाहेर ज्यांना विहिरीला हात लावता येत नसे, त्यांनी तिथे स्वतःची घरे आणि शेते पाहिली. धर्मांतराविषयी ज्याचे त्याचे मत असो. परंतु त्या मिशनचे जुने कागद पाहायचे, तर आज स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरातील राष्ट्रीय ग्रंथालयात जावे लागते. जालन्याच्या मांगाच्या पणज्याची गोष्ट सातासमुद्रापलीकडे इंग्रजीत नीट जपून ठेवलेली, आणि जालन्यात मात्र तिचा मागमूस नाही!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला आले आणि मराठवाड्यातील अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. म्हणजे आजोबांच्या मुचलक्यानंतर जेमतेम दीड महिन्यांनी. भाऊसाहेब मोरे यांनी ती परिषद घडवून आणली. परतूरच्या मांडवात जे हक्क मागितले गेले, त्यांच्याही आधीचा हक्क मक्रणपूरला मागितला गेला : माणूस म्हणून जगण्याचा. शाळेत मी परतूरविषयी एक तास बोलत असे आणि मक्रणपूरविषयी पाच मिनिटे. पुस्तकात तेवढेच होते, असे मी स्वतःला समजावत असे. आता वाटते, पुस्तकात नसलेले शोधणे हेच तर मास्तराचे काम होते.

खुद्द बाबासाहेबांच्या कागदांची कथाही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५६ साली ते गेले आणि त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिली. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने ती प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. वसंत मून नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने त्या कामाला उरलेले आयुष्य वाहिले. राजवाड्यांनी गावोगाव फिरून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, हे आपण अभिमानाने सांगतो. मूनांचे काम त्याच जातीचे, पण त्यांचे नाव किती घरांत ठाऊक आहे?

आणि जिथे मून पोचू शकत नव्हते, तिथे काय झाले? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधे सोळा वर्षे गेली. त्या आगींत भांडी गेली, धान्य गेले, हे अहवालांतून लिहिले गेले. पण घर जळते तेव्हा आढ्याला खोचलेले कागदही जळतात : शाळेचा दाखला, सभेचे पत्रक, मुंबईहून मुलाने पाठवलेले पत्र. ज्याच्या घराला पुन्हा पुन्हा आग लागते, त्याला कोणी विचारू नये, की बाबा, तुझा पुरावा कुठे?

*

तरी पुरावा विचारला जातोच. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घनसावंगीकडच्या एका खेड्यातून एक आजी माझ्याकडे आल्या. गावातल्या कोणी तरी त्यांना सांगितले होते, की गुरुजी अर्ज चांगला लिहितात. नवरा वारला होता. दोन-अडीच एकर गायरान त्या कुटुंबाने दगड वेचून वहितीखाली आणले होते. खतांच्या पिशवीत गुंडाळलेला तंबाखूचा डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

“बघा बरं गुर्जी, यातलं काय कामाचं हाय का. सून म्हणती, दिवाळीला चूल पेटवायला बरं हाय.”

डब्यात घड्या घातलेल्या पावत्या होत्या. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केल्याबद्दल भरलेल्या दंडाच्या. पहिली १९८४ सालची. एकेका पावतीवर काही रुपये आणि काही पैसे. म्हातारा दर वेळी दंड भरत असे आणि पावती डब्यात टाकत असे. त्याला वाचता येत नव्हते.

मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. कारण सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी एक निर्णय काढला होता. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची, प्रामुख्याने दलित-आदिवासींची, अतिक्रमणे नियमित करावीत असा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो आरंभदिन. ही कृपा आकाशातून पडली नव्हती. १९६४-६५ च्या हिवाळ्यात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर सत्याग्रह केला, लाखोंनी तुरुंग भरले. त्यानंतर एक पिढी मोर्चे काढीत राहिली. पण सरकारी निर्णयाचा फायदा कोणाला? ज्याच्यापाशी त्या तारखेआधीचा पुरावा असेल त्याला. तलाठ्याच्या ‘एक-ई’ नोंदवहीत, म्हणजे अतिक्रमणांच्या वहीत, नाव असेल त्याला. पुढे २०११ साली सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा तर या कागदांना सोन्याचे मोल आले. कारण भूमिहीनांसाठी त्यात ठेवलेल्या अपवादात आपण बसतो, हे सिद्ध करायलाही कागदच हवा.

म्हणजे म्हाताऱ्याने गुन्हेगार म्हणून भरलेला प्रत्येक दंड हा त्याच्या कसवटीचा दाखला होता! जो दंड भरायला नको म्हणून शहाणी माणसे साहेबाचे हात ओले करीत, तो या अडाणी माणसाने प्रामाणिकपणे भरला आणि पावती ठेवली. मी आजींना म्हणालो, “आजी, हे चुलीत घालू नका. हा तुमचा सातबारा आहे.”

त्यांना ते पटले नाही. “दंडाची पावती आन् सातबारा? त्याला लाज वाटायची या पावत्यांची. कुणाला दावत नसं.”

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या काळ्या बाईने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायचे नाकारले. तिला अटक झाली. दहा डॉलर दंड आणि चार डॉलर कोर्टखर्च झाला आणि तिथून ३८१ दिवसांचा बसबहिष्कार उभा राहिला. तिच्या बोटांचे ठसे आणि पोलिसांचा अहवाल आज त्या देशाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मौल्यवान ठेवा म्हणून सांभाळलेले आहेत. तिच्या दंडाचा कागद राष्ट्राने जपला. आमच्या आजींच्या नवऱ्याचा कागद तंबाखूच्या डब्याने जपला. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे.

अर्ज मी लिहून दिला. पावत्यांच्या नकला जोडल्या. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. मूळ पावत्या मात्र आजींनी डब्यात परत ठेवल्या आणि डबा सुनेच्या हाती न देता आपल्या उशाशी ठेवला, असे नातू सांगत होता.

*

या जिल्ह्याला कागदाची किंमत अलीकडे निराळ्या तऱ्हेनेही कळली आहे. २०२३ सालच्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव देशभर झाले. मराठा आरक्षणाच्या मागणीपाठोपाठ शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातील नोंदींत कुणबी शब्दाचा शोध सुरू झाला. तहसिलींच्या कोठड्या उघडल्या, रुमाल सुटले, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध लागला. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधी शासन निर्णयही निघाला. या मागणीच्या बाजूचे आणि विरोधाचे, दोन्ही आवाज याच अंबड तालुक्यातून उठले. त्या वादात न्याय कोणत्या बाजूला, हे ठरवण्याची माझी योग्यता नाही. मास्तर म्हणून एवढेच पाहिले, की दोन्ही बाजूंची माणसे त्याच जुन्या वह्यांपाशी येऊन उभी राहिली आणि वह्या वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आमच्या मास्तरसाहेबांकडेही त्या दिवसांत रीघ लागली. ते म्हणाले, “गुरुजी, चाळीस वर्षं मुलं विचारीत होती, ही जबान शिकून काय फायदा? आता बघा.”

म्हणून या दिवाळीत माझे वाचकांपाशी एक मागणे आहे. माळा जरूर झाडा. पण ट्रंक उघडली, की न वाचता येणारा कागद आधी बाजूला ठेवा. शिक्का असेल, सही असेल, फसली सन असेल, तर वाचणारे माणूस शोधा. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. आज ठाऊक असलेली नावे वीस वर्षांनी कोणालाच ठाऊक नसतात. घरात कोणी सत्याग्रहात, मोर्च्यात, संपात, नामांतराच्या चळवळीत गेले असेल, तर फराळाच्या ताटाशी त्यांना बोलते करा आणि कोणी तरी ते लिहून घ्या. कडुनिंबाची चार वाळलेली पाने आणि सुती कापड एवढाच या अभिलेखागाराचा खर्च. आणि जे सापडेल ते सोयीचे असेलच, असे धरून चालू नका.

कारण मला सापडले ते सोयीचे नव्हते. मी बरेच दिवस त्या मुचलक्याशी भांडलो. आजोबा सभेला गेले, हा अर्धा भाग मला मुलांना सांगायचा होता. त्यांनी पुन्हा न जाण्याचे वचन दिले, हा अर्धा भाग झाकायचा होता. मग वाटले, मोंढ्यातली नोकरी, घरात पाच लेकरे आणि शंभर रुपये हाली. अशा माणसाने सही केली नसती तर तो हुतात्मा झाला असता. सही केली म्हणून तो माझा आजोबा झाला. हुतात्म्यांचे स्तंभ उभारावेत, ते योग्यच आहे. पण एका सभेपुरते धैर्य ज्यांनी दाखवले आणि मग लेकरांसाठी मान खाली घातली, अशा हजारो माणसांच्या खांद्यांवरून हे हक्क आपल्यापर्यंत आले. त्यांची नावे कुठल्या स्तंभावर नाहीत. ती मुचलक्यांवर आहेत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्याकडे आजोबांच्या काळापासून वहीपूजन होते. दुकान कधीच आमचे नव्हते, पण मुनिमाने आपल्या हातची वही पुजायची ही त्यांची रीत. मी पाटावर वही मांडली, हळदकुंकू वाहिले. सौभाग्यवती आतून आल्या. हातात जुन्या लाल खणाचा एक चौकोनी तुकडा होता, कडा दुमडून शिवलेल्या. त्यांनी मुचलका त्यात गुंडाळला, गाठ मारली आणि तो रुमाल वहीशेजारी ठेवला.

“घाबरले होते बिचारे,” त्या म्हणाल्या, “पण टाकला नाही हो त्यांनी कागद.”

मी नुसती मान हलवली. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.